बाजार वाचला, पण कुणासाठी?

रमजानमध्ये असरची नमाज झाली की कुठल्याही गावातल्या बाजाराची चाल बदलते. खजुराची खोकी पुढे सरकतात, कलिंगडाच्या फोडी परातीत मांडल्या जातात, समोशाच्या कढया तापतात. घड्याळाकडे बघत घाईघाईने खरेदी करणाऱ्यांत रोजा असलेले असतात, तसे नसलेलेही असतात. समोसा सगळ्यांनाच आवडतो.

'बाजार' हा शब्द फारसी. मराठीत तो इतका मुरला आहे की त्याचे मूळ कुणी विचारत नाही. हाच शब्द गलबतात बसून पूर्वेकडेही गेला. मलायात त्याचा 'पासार' झाला. तिथे स्थायिक झालेल्या चिनी व्यापाऱ्यांच्या हॉक्कियन बोलीत 'पासार'चा 'पा सात' झाला. सिंगापूरच्या बँकांच्या आणि काचेच्या मनोऱ्यांच्या वस्तीत आज एक ठेंगणी, अष्टकोनी, लोखंडी इमारत उभी आहे. तिचे नाव 'लाउ पा सात', म्हणजे 'जुना बाजार'. नाव चिनी, त्यातला शब्द फारसी, लोखंड स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे, आणि संध्याकाळी तिच्या दारात निखाऱ्यांवर जे साते भाजले जाते, ते मलायी.

या इमारतीची हकिगत जुन्या मंडया पाडायला निघालेल्या प्रत्येक गावाने ऐकावी अशी आहे.

१८३८ मध्ये जॉर्ज कोलमन नावाच्या वास्तुविशारदाने समुद्राला लागून अष्टकोनी बाजार बांधला. मासळी आणि भाजी होडीतून उतरायची आणि तिथेच विकली जायची. पुढे समुद्र बुजवून जमीन वाढवण्याचे काम निघाले आणि काठावरचा बाजार पाडावा लागला. १८९४ मध्ये म्युनिसिपालिटीचे इंजिनिअर जेम्स मॅकरिची यांनी जवळच नव्या जागी नवा बाजार उभारला. साहित्य नवे, ओतीव लोखंडाचे. पण कोलमनचा अष्टकोन त्यांनी तसाच ठेवला. जुन्याची आठवण ठेवण्याचे काम या बाजारात तेव्हापासून सुरू झाले, असे म्हणायला हरकत नाही.

विसाव्या शतकात आजूबाजूची वस्ती हटली आणि कचेऱ्या आल्या. कचेरीतला कारकून दुपारी दोन जुड्या पालेभाजी घेत नाही, त्याला ताटभर जेवण हवे असते. दुसरीकडे सरकार रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना पाणी-गटाराची सोय असलेल्या बंदिस्त जागेत हलवत होते. १९७३ मध्ये या दोन्ही गरजा जुन्या बाजाराने भागवल्या. भाजी-मासळीचे ओटे गेले, जेवणाच्या गाड्या छताखाली आल्या. इमारत तीच, धंदा बदलला.

त्याच वर्षी सिंगापूरने राष्ट्रीय स्मारकांची पहिली यादी जाहीर केली. तीत फक्त आठ वास्तू होत्या. श्री मरिअम्मन मंदिर होते, थिआन हॉक केंग हे चिनी मंदिर होते, आर्मेनियन चर्च आणि सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल होते. मलाक्काच्या एका धनाढ्य व्यापारी बाईने, हाजी फातिमाने, एकोणिसाव्या शतकात बांधलेली मशीद होती. तिचा मिनार किंचित कललेला आहे आणि त्यामुळेच ती प्रसिद्ध आहे. आणि या देवळे, चर्चे, मशिदींच्या रांगेत एक मासळीबाजार बसवला होता. ज्यांनी ही यादी केली, त्यांना शहर म्हणजे काय ते नीट कळले होते. माणसे प्रार्थनेला वेगवेगळ्या दारांनी जातात, पण भाजी घ्यायला एकाच दारातून आत शिरतात.

खरी परीक्षा १९८६ मध्ये आली. भुयारी रेल्वेचा बोगदा नेमका या बाजाराखालून जाणार होता. वर शंभर वर्षांचे ओतीव लोखंड, खाली खोदकाम. कुठल्याही कंत्राटदाराने सहज सांगितले असते की पाडा आणि नंतर त्याच धर्तीचे नवे बांधा. सिंगापूरने तसे केले नाही. खांब, कमानी, जाळ्या, वासे असे सगळे सुटे करून नीट ठेवले गेले. बोगदा झाला. १९८९ मध्ये तेच तुकडे त्याच जागी पुन्हा जोडले गेले.

उकलता येणारी इमारत

हे शक्य झाले याचे कारण इमारतीच्या घडणीत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बाजारांचे लोखंड साच्यात ओतून तयार होत असे. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, पण ठोक्याने तडकते आणि ताण त्याला मानवत नाही. म्हणून त्याचे खांब आणि कमानी करत. एकाच साच्यातून निघालेले शेकडो सारखे खांब जहाजात भरून जगाच्या पाठीवर कुठेही नेता येत आणि जागेवर बोल्टने जोडता येत. जे बोल्टने जोडले, ते बोल्ट काढून सोडवताही येते. विटा-सिमेंटच्या इमारतीला ही सवलत नाही.

दुसरी गोष्ट आतल्या जागेची. बाजाराला भिंती नको असतात. माणसांना, पाट्यांना, हातगाड्यांना फिरता आले पाहिजे. म्हणून खांब विरळ, छत उंच. वर झडपांच्या खिडक्या, म्हणजे गरम हवा आणि मासळीचा वास वरून निघून जावा. दुपारच्या उन्हात माल सुकू नये म्हणून उजेड येईल पण ऊन येणार नाही अशी रचना. असे मोकळे, हवेशीर, सावलीचे दालन आज बांधायला काढले तर खर्चाचा आकडा ऐकून सभागृह गप्प बसेल. जुन्या मंडईत ते आयतेच असते. त्यात वाचनालय घालता येते, हस्तकलेची दुकाने घालता येतात, नाटक करता येते, खाणावळी चालवता येतात. तुरुंगाचे किंवा वाड्याचे दुसरे काही करायचे तर आधी भिंती आड येतात. बाजार मात्र पहिल्यापासूनच सगळ्यांसाठी मोकळा असतो.

लाउ पा सातपासून पायी जाण्याच्या अंतरावर तेलोक आयेर रस्त्यावर आणखी एक वास्तू आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून आलेल्या चुलिया मुसलमान खलाशांनी आणि व्यापाऱ्यांनी १८२८ ते १८३० या काळात, नागोरच्या शाहुल हमीद यांच्या स्मरणार्थ ती बांधली. नागोर दर्गा हेच तिचे नाव. आज तिथे भारतीय मुसलमानांच्या स्थलांतराची माहिती देणारे वारसा केंद्र आहे. बाजार असो की दर्गा, वापरात राहिलेल्या इमारतीचे छत वेळेवर शाकारले जाते आणि बंद पडलेल्या इमारतीत पिंपळ उगवतो.

पॅरिसचा खड्डा

सगळीकडे असे घडले नाही. पॅरिसचा 'ले आल' हा घाऊक बाजार एकोणिसाव्या शतकात व्हिक्टर बाल्तारने लोखंड आणि काच वापरून बांधला. जगभरच्या मंडयांनी त्याचा कित्ता गिरवला. १९६९ मध्ये वाहतुकीच्या कोंडीमुळे बाजार शहराबाहेर रुंजिस येथे हलला. त्यात गैर काही नव्हते. मालमोटारी गल्लीबोळांत शिरू शकत नव्हत्या.

मोकळ्या झालेल्या दालनांचे पुढची दोन वर्षे जे झाले, ते मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. कुणी तिथे नाटके केली, कुणी प्रदर्शने भरवली. लोक गर्दी करून येऊ लागले. जिथे कोबीचे ढीग लागत, तिथे प्रेक्षक बसू लागले. इमारतीचे आता काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर लोकांनी स्वतःच, कुणाच्या परवानगीची फारशी वाट न पाहता, दिले होते. तरीही १९७१ च्या ऑगस्टमध्ये, शहर सुट्टीवर गेलेले असताना, पाडकाम सुरू झाले. त्या जागी प्रचंड खड्डा पडला आणि तो कितीतरी वर्षे तसाच राहिला. पॅरिसकर त्याला 'ले आलचा खड्डा' म्हणत. १९७९ मध्ये तिथे जमिनीखालचे व्यापारी संकुल उघडले. ते लोकांच्या मनात कधी भरलेच नाही, आणि चाळीस वर्षे व्हायच्या आत त्याच्यावरही नवे छत घालून त्याचा कायापालट करावा लागला. बाल्तारचे एक दालन तेवढे सुटे करून शहराबाहेर नोजाँ-सुर-मार्न येथे नेऊन उभारले. तिथे आता कार्यक्रम होतात. म्हणजे उकलून पुन्हा उभारण्याची युक्ती फ्रेंचांनाही येत होती. त्यांनी ती एकाच दालनासाठी वापरली.

चेन्नईचे उदाहरण जवळचे आणि जास्त दुखरे. सेंट्रल स्टेशनाला लागून असलेले मूर मार्केट १९०० मध्ये सुरू झाले. जुनी पुस्तके, ग्रामोफोनच्या तबकड्या, पाळीव पक्षी, सटरफटर सगळे तिथे मिळे. रेल्वेला जागा हवी होती, व्यापाऱ्यांना हलायचे नव्हते. वाद चालू असतानाच ३० मे १९८५ रोजी बाजाराला आग लागली. आता तिथे रेल्वेची इमारत आहे. जुन्या बाजाराची आठवण म्हणून बाहेर त्याची छोटी प्रतिकृती ठेवली आहे.

फुलराणीचा बाजार

पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' मराठी घरांत माहीत नाही असे नाही. तिचे मूळ बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'मध्ये, आणि शॉ यांची फुले विकणारी मुलगी पहिल्यांदा भेटते ती लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये. तिथल्या बाजाराची मुख्य इमारत १८३० ची, चार्ल्स फाउलर यांनी आखलेली. १९७४ मध्ये फळे, फुले आणि भाजीचा घाऊक बाजार नाइन एल्म्स येथे गेला. त्याआधीच महानगर प्रशासनाची योजना तयार होती. आसपासचा मोठा भाग पाडायचा, रुंद रस्ते काढायचे, कचेऱ्या आणि हॉटेले बांधायची. तिथे राहणाऱ्या लोकांनी १९७१ पासून संघटना करून लढा दिला. १९७३ मध्ये सरकारने त्या भागातल्या सुमारे अडीचशे इमारतींना संरक्षण दिले आणि योजना बारगळली. १९८० मध्ये दुरुस्त झालेला बाजार दुकाने आणि उपाहारगृहांसाठी खुला झाला. फुलांच्या बाजाराची इमारत शहराच्या वाहतुकीचे संग्रहालय झाली.

लंडनकरांनी लढा जिंकला, यात शंका नाही. पण आज तिथे जुडीभर कोथिंबीर मिळत नाही. भाडी चढली, नावाजलेल्या कंपन्या आल्या. फुलराणी आज तिथे आली, तर तिला टोपली ठेवायला जागा सापडणार नाही.

क्वालालंपूरची गोष्ट याच्या जवळची, पण जरा वेगळी. तिथल्या मध्यवर्ती बाजाराची सुरुवात १८८८ ची, आणि आज दिसते ती निळसर रंगाची इमारत १९३७ ची. मस्जिद जामेक तिथून जवळच, नदीकाठी. १९७० च्या दशकात भाजी-मासळीचा हा ओला बाजार पाडण्याचे घाटत होते. वारसाप्रेमी पुढे सरसावले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथे हस्तकलेचे केंद्र सुरू झाले. त्याला नाव मिळाले 'पासार सेनी', म्हणजे कलेचा बाजार. बाटिक, लाकडी कोरीवकाम, चित्रे असे सगळे तिथे आहे. भाजीवाले गेले हे खरे, पण त्यांची जागा निदान कारागिरांनी घेतली. लंडनच्या मानाने हा सौदा बरा म्हणायचा.

कांद्याच्या भावातून

याहून वेगळा मार्ग अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलने काढला, आणि तो थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

तिथल्या पाइक प्लेस बाजाराचा जन्म कांद्याच्या भावातून झाला. नाशिक-लासलगावच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९०६-०७ मध्ये कांदा शहरात भडकला होता, शेतकऱ्याच्या हातात मात्र पूर्वीइतकेच पैसे पडत. मधला पैसा दलालांकडे राहत होता. एका नगरसेवकाने ठराव आणला की शेतकऱ्याने स्वतः गाडी घेऊन यावे आणि थेट गिऱ्हाइकाला विकावे. १७ ऑगस्ट १९०७ रोजी मोजक्या शेतकऱ्यांनी गाड्या लावल्या. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली आणि दुपारच्या आत माल संपला.

पुढे या बाजारात जपानी वंशाच्या शेतकऱ्यांचा वाटा फार मोठा झाला. १९४२ मध्ये युद्धाच्या काळात अमेरिकी सरकारने त्यांना घरेदारे, शेते सोडायला लावून छावण्यांत नेले. बाजाराचे ओटे एका झटक्यात रिकामे झाले. एकही वीट पडली नव्हती, तरी बाजार अर्धा मेला होता. त्यानंतर सुपरमार्केट आली, शेतकरी कमी होत गेले, छते गळू लागली. १९६० च्या दशकात योजना आली ती हॉटेल, कचेऱ्या, वाहनतळ आणि हॉकीच्या मैदानाची.

व्हिक्टर स्टाइनब्रूक नावाचे वास्तुशास्त्राचे प्राध्यापक या योजनेविरुद्ध उभे राहिले. ते बाजारात बसून चित्रे काढत. खांब-कमानींबरोबर मासळीवाल्यांची, फळवाल्यांची, बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांचीही. 'बाजाराचे मित्र' या नावाने लोक एकत्र आले, सह्या गोळा केल्या, प्रश्न मतदानाला आणला. २ नोव्हेंबर १९७१ रोजी शहराने बाजाराच्या बाजूने कौल दिला आणि सात एकरांचा भाग ऐतिहासिक म्हणून राखला गेला.

इथपर्यंत ही हकिगत इतरांसारखीच. फरक पुढे आहे. सिअ‍ॅटलने इमारतींबरोबर त्यांचा वापरही राखला. दुकान कशाचे चालणार हे तिथे एक आयोग तपासतो. एका प्रकारचा धंदा बंद करून दुसरा सुरू करायचा तर परवानगी लागते. मोठ्या कंपन्यांच्या शाखांना दार जवळपास बंद. जो पिकवतो किंवा घडवतो, त्यानेच विकावे, हा मूळ नियम शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या ओट्यांना आजही लागू आहे. बाजाराच्या वरच्या मजल्यांवर कमी उत्पन्नाच्या, बहुतांश वृद्ध अशा शेकडो लोकांची घरे आहेत. दवाखाना आहे, पाळणाघर आहे, ज्येष्ठांचे केंद्र आहे. पर्यटकांची तिथे रीघ लागते, ती गर्दी कधी कधी नकोशीही होते, पण सकाळी कांदा विकत घेणारे गिऱ्हाईक अजून तिथे आहे.

वापर राखणे हे भिंत राखण्यापेक्षा अवघड काम. भिंत एकदा दुरुस्त केली की झाले. ओट्यावर कोण बसणार याचा तंटा रोजचा.

दुरुस्तीचा पैसा

जुन्या मंडया का मोडकळीस येतात? काळ हे त्याचे कारण फार थोड्या वेळा असते. बहुतेक वेळा कारण भाड्याचे असते. गाळ्याचे भाडे पन्नास वर्षांपूर्वी ठरलेले, त्यात शिपायाचा पगारही निघत नाही. पोटभाडेकरू मात्र बाजारभावाने पैसे मोजतो आणि ते मधल्याच्या खिशात जातात. नगरपालिकेच्या तिजोरीत मंडईतून काही येत नाही, म्हणून मंडईवर काही खर्चही होत नाही. पत्रा गळतो. गळक्या पाण्याने लोखंड गंजते. दगडी भिंतीला चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा फासला जातो, त्यामुळे ओल आत कोंडते आणि दगड पोखरला जातो. मग एक दिवस 'धोकादायक' अशी पाटी लागते, आणि तोपर्यंत विकासकाचा नकाशा तयार असतो.

या बाबतीत जुने लोक जास्त व्यवहारी होते. इस्तंबूलच्या झाकलेल्या बाजाराची सुरुवात सुलतान मेहमत दुसरा याने पंधराव्या शतकात केली, आणि त्याच्या गाळ्यांचे भाडे आया सोफियाच्या वक्फला लावून दिले. बुर्सा शहरात १४९१ चा कोझा हान आहे. कोझा म्हणजे रेशमाचा कोश. सुलतान बायेझिद दुसरा याने तो बांधला तोच इस्तंबूलमधल्या आपल्या मशिदीचा आणि तिच्याभोवतीच्या संस्थांचा खर्च निघावा म्हणून. पाचशे वर्षांनंतरही तिथे रेशीम विकले जाते. मधल्या अंगणात लोक चहा पीत बसतात, आणि अंगणाच्या मध्यभागी खांबांवर उभी अशी चिमुकली मशीद आहे. वक्फच्या जुन्या नियमांत एक फार शहाणपणाचा नियम होता. उत्पन्नावर पहिला हक्क दुरुस्तीचा. आधी छप्पर, मग बाकीचे वाटेकरी. व्यवस्थापकांनी तो प्रत्येक वेळी पाळला असे नाही, आणि वक्फच्या मालमत्तांची आजची अवस्था काय आहे हे कुणाला सांगायला नको. पण नियम चुकीचा नव्हता. नगरपालिकेच्या मंडईलाही तो लावता येतो. गाळ्याच्या भाड्याचा ठरलेला हिस्सा त्याच छपरावर खर्च व्हायचा, दुसऱ्या कुठल्या खात्यात वळवायचा नाही.

मुंबई, पुणे आणि इतरत्र

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटची इमारत १८६९ ची, विल्यम इमर्सन यांच्या आराखड्याची. दारावरची दगडी शिल्पे जवळच्याच जे. जे. कला शाळेत शिकवणारे लॉकवुड किपलिंग यांची. त्यांत शेतात राबणारी माणसे आहेत. रमजानमध्ये या भागाला जी रौनक येते, ती बघायला लोक दुरून येतात. एका अंगाला मोहम्मद अली रोड, जवळच जामा मशीद, पलीकडे मंगलदास मार्केट. खजूर, खारीक, चारोळी, पिस्ते, शीरखुर्म्यासाठीच्या शेवया यांची यादी घेऊन आलेला माणूस या परिसरातून रिकाम्या हाताने जात नाही, आणि ईदनंतर काही महिन्यांनी दिवाळीच्या फराळाची यादी घेऊन येणाराही त्याच वाटेने फिरतो.

या शतकाच्या पहिल्या दशकात या मार्केटच्याही पुनर्विकासाची योजना निघाली होती. मुख्य वास्तू ठेवायची आणि बाकीच्या आवारात खासगी भागीदारीतून मोठे बांधकाम करायचे, असा तिचा साधारण आशय. वारसाप्रेमींनी आणि नागरिकांनी तिला कडाडून विरोध केला, आणि शेवटी मूळ इमारतीच्या जीर्णोद्धाराचा मार्ग धरला गेला. भाजी, फळे, मसाले, सुकामेवा हा इथला धंदा तसाच राहिला. खरे तर जुन्या बाजाराचा सगळ्यात चांगला नवा वापर म्हणजे पुन्हा बाजारच. पण ज्या गावात घाऊक व्यापार बाजार समितीच्या आवारात गेला आणि जुनी मंडई ओस पडली, तिथे हे उत्तर पुरत नाही.

पुण्याची मंडई १८८६ ची. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. तिच्या खर्चाला महात्मा जोतिराव फुले यांचा विरोध होता. हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले, आणि मुंबईचे क्रॉफर्ड मार्केटही कागदोपत्री महात्मा जोतिबा फुले मंडई झाले. ज्यांनी विरोध केला, त्यांचेच नाव दारावर. याला काही जण विनोद म्हणतात. पण फुल्यांचा आक्षेप आज वेगळ्या रूपात कामाला येतो. त्यांना दगडी कमानींपेक्षा माणसांची काळजी होती. जुनी मंडई दुरुस्त करून तिच्यात गावातल्या मुलांसाठी अभ्यासिका काढली, बचत गटांना ओटे दिले, तर त्यांची ती तक्रार दीडशे वर्षांनी थोडीफार दूर होईल.

लहान गावांत हा प्रश्न आणखी अवघड असतो, कारण तिथे वारसा समिती नसते, वर्तमानपत्रांची गर्दी नसते. म्हैसूरच्या देवराज मार्केटसारखी नामांकित, शंभरीपार गेलेली मंडईही २०१६ मध्ये काही भाग कोसळल्यावर पाडायची की दुरुस्त करायची या वादात वर्षानुवर्षे अडकली. नाव नसलेल्या मंडईचा निकाल तर एका बैठकीत लागतो. धोक्याकडे दुर्लक्ष करा, असे कुणीही म्हणणार नाही. डोक्यावर पत्रा पडून माणूस मेला तर वारशाचे काय करायचे? पण 'धोकादायक' या एका शब्दात बरेच काही दडवता येते. मुंबईत अशा इमारतींची 'सी-१' पासून 'सी-३' पर्यंत वर्गवारी असते. पहिलीत रिकामी करून पाडण्याजोग्या, शेवटच्या वर्गात किरकोळ दुरुस्तीने भागणाऱ्या. आपल्या मंडईचा अहवाल कोणत्या वर्गाचा आहे, तो तयार करणाऱ्याला जुन्या दगड-चुन्याच्या आणि ओतीव लोखंडाच्या कामाची माहिती होती का, हे नगरपालिकेच्या सभेत विचारायला वारसा समिती लागत नाही. एक नगरसेवक पुरतो. प्रत मागायला माहितीचा अधिकार आहेच.

आणि त्या अहवालाबरोबर आणखी एक कागद मागावा. दुरुस्तीच्या काळात भाजीवाल्या बायका, मटणवाले, फुलवाले कुठे बसणार, आणि काम झाल्यावर त्यांचा ओटा त्यांना कोणत्या भाड्याने परत मिळणार, हे नावानिशी लिहिलेला कागद. बहुतेक योजनांत नकाशे रंगीत असतात, झाडे हिरवीगार काढलेली असतात, वाहनतळाचे आकडे असतात. हा कागद मात्र शोधूनही सापडत नाही.